१२३४५६७८९८७६५४३२१ : या संख्येची पूर्ण कुंडली कशी मांडायची? एक्सेल आणि मोबाइल वेगवेगळं दाखवतात

संत्रानगरी_गणित (नागपूर)

नमस्कार मंडळी. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी शाळेत एक मोठा फलक लावायचा आहे. विषय ‘एका संख्येची कुंडली’. संख्या मुलांनीच निवडली: १२३४५६७८९८७६५४३२१, म्हणजे नऊ वेळा १ लिहून केलेला वर्ग. अडचणी अशा:

१. एक्सेलमध्ये १११११११११ चा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३०० येतं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये शेवट ३२० येतो. एका मुलाच्या प्रोग्रामने तर ही संख्या चक्क सम ठरवली.

२. मूळ अवयव फळ्यावर, आठवीच्या मुलांसमोर, हाताने पाडून दाखवायचे आहेत. ३ ने भागत बसलं तर तास संपेल.

३. मुलांच्या यादीत ‘पूर्ण वर्ग, हर्षद, कापरेकर संख्या, परिपूर्ण संख्या, स्मिथ संख्या’ असं सगळंच लिहिलेलं आहे. यातलं खरं किती?

४. मराठीत ही संख्या वाचायची कशी?

फलक एकदा छापला की दुरुस्ती नाही, म्हणून आधीच विचारून राहिलो.

शेषफळ

आधी क्रमांक १, कारण हत्यारच बोथट असेल तर पुढचं सगळं वाया.

एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ सार्थ अंकच ठेवतं, पुढे शून्यं भरतं. तुमची संख्या १७ अंकी, म्हणून शेवटचे दोन अंक गेले. सेलचं फॉरमॅट बदलून ते परत येत नाहीत. आधी अवतरणचिन्ह टाकून मजकूर म्हणून लिहिली तर दिसते बरोबर, पण तिच्यावर गणित केलं की पुन्हा तेच.

जावास्क्रिप्टचा ३२० वेगळ्या कारणाने येतो. तिथे संख्येला ५३ बिट मिळतात. २^५३ म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. याच्या पुढे २^५४ पर्यंत फक्त सम संख्याच नेमक्या मावतात. आपली संख्या त्याच पट्ट्यात आहे आणि विषम आहे, त्यामुळे तिला जागाच नाही. शेजारच्या ३२० आणि ३२२ दोन्ही सारख्याच अंतरावर. अशा बरोबरीत नियम असा की ज्याचा शेवटचा बिट शून्य तो घ्यायचा. म्हणून ३२०. मुलाचा प्रोग्राम चुकला नाही, त्याला दिलेली संख्याच सम होती.

पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण तिथेही एक खड्डा आहे. साधं वर्गमूळ काढून ‘उत्तर पूर्णांक आलं, म्हणजे पूर्ण वर्ग’ अशी चाचणी लावू नका. १२३४५६७८९८७६५४३२२ ला ती लावून बघा: तिथेही १११११११११.० येतं आणि प्रोग्राम तिलाही पूर्ण वर्ग म्हणतो. पायथन ३.८ पासून मॅथ मॉड्यूलमध्ये आयएसक्यूआरटी हे पूर्णांक वर्गमूळ आहे. ते घ्या, आलेल्या उत्तराचा वर्ग करा आणि मूळ संख्येशी ताडा. भागाकारालाही एक नव्हे, दोन तिरप्या रेघा.

एक्सेलच वापरायचं असेल तर संख्या दोन सेलमध्ये तोडा: डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ९८७६५४३२१. एखाद्या भाजकाने बाकी हवी असेल तर डाव्या तुकड्याची बाकी गुणिले १००००००००० ची बाकी, अधिक उजव्या तुकड्याची बाकी, आणि या सगळ्याची पुन्हा बाकी. भाजक काही लाखांपर्यंत असला तरी मधली कुठलीच संख्या १५ अंकांवर जात नाही.

लिनक्सचं मशीन असेल तर ‘फॅक्टर’ कमांड एका ओळीत अवयव देते. ती मुलांना शेवटी दाखवा, आधी नाही.

मसावि_लसावि

क्रमांक २. ३ ने भागत बसायची गरजच नाही. संख्या उजवीकडून नऊ अंकांवर तोडा:

१२३४५६७८ | ९८७६५४३२१

दोन तुकड्यांची बेरीज करायला सांगा. ९९९९९९९९९ येते, एकही हातचा न घेता. आता १००००००००० म्हणजे ९९९९९९९९९ + १. म्हणून मूळ संख्या = १२३४५६७८ × ९९९९९९९९९ + (१२३४५६७८ + ९८७६५४३२१) = १२३४५६७८ × ९९९९९९९९९ + ९९९९९९९९९ = १२३४५६७९ × ९९९९९९९९९.

१२३४५६७९ × ९ = १११११११११ हे पुष्कळ मुलांना पाठ असतंच (पाढ्यातली ती ८ नसलेली संख्या). म्हणजे ९९९९९९९९९ = ८१ × १२३४५६७९. तर:

संख्या = ८१ × १२३४५६७९ × १२३४५६७९.

दोन ओळींत ८१ मोकळा झाला. उरलं १२३४५६७९. अंकांची बेरीज ३७, म्हणून ३ ने भाग जात नाही. ३ चा घात ४ वरच थांबला.

आता ३७. ९९९ = २७ × ३७, म्हणून तीन-तीन अंकांचे गट पाडून बेरीज करायची: १२ + ३४५ + ६७९ = १०३६, पुन्हा १ + ०३६ = ३७. भाग जातो, भागाकार ३३३६६७.

इथे वर्गात हमखास होणारी चूक सांगून ठेवतो. मुलं आपल्या सवयीचे स्वल्पविराम देतात, १,२३,४५,६७९, आणि त्याच गटांची बेरीज करतात: १ + २३ + ४५ + ६७९ = ७४८. त्याला ३७ ने भागलं की बाकी ८, आणि निष्कर्ष ‘३७ ने जात नाही’. लाख-कोटीचे गट वाचण्यासाठी आहेत. ही कसोटी उजवीकडून बरोबर तीन-तीन अंकांचीच.

दुसरी चूक: ‘अंकांची बेरीज ८१, म्हणून ८१ ने भाग जातो.’ इथे निष्कर्ष खरा निघतो, पण कारण खोटं आहे. बेरजेची कसोटी फक्त ३ आणि ९ साठी. १८९९ ची अंकबेरीज २७ आहे, पण २७ ने भागलं तर बाकी ९ उरते. ८१ चा भाग वरच्या रीतीनेच सिद्ध होतो.

अंतिम उत्तर: ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२.

सीताबर्डी_अंक

मुलांचा हात बसवायला आधी लहान संख्या द्या ना भाऊ. नागपूर जीपीओचा पिनकोड ४४०००१ घ्या. अंकबेरीज ९, म्हणून ९ ने भाग: ४८८८९. याचं वर्गमूळ २२१ च्या थोडं वर, म्हणून २११ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या (पुढची २२३, ती वर जाते). एकीनेही भाग जात नाही. ४४०००१ = ३^२ × ४८८८९, विभाजक सहा. अंकबेरीज ९ आणि ९ ने भाग जातो, म्हणजे आपला जीपीओसुद्धा हर्षद!

संत्रानगरी_गणित (नागपूर)

नऊ अंकांवर तोडायची युक्ती फार छान. पण ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे मुलांना कसं पटवू? वर्गमूळ ५७७ च्या वर जातं. तिथपर्यंत १०६ मूळ संख्या आहेत, एवढे भागाकार कोण करेल?

मसावि_लसावि

१०६ नाही, १७ पुरतात. आठवीला कारण थोडं जड जाईल, पण नववी-दहावीची मुलं धरतील.

३३३६६७ ने ९९९९९९९९९ ला, म्हणजे १०^९ − १ ला, भाग जातो. तर ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव प घेतला, तरी १०^९ ला प ने भागून बाकी १ च. आता १० चा सगळ्यात लहान कोणता घात प ने भागल्यावर बाकी १ देतो? तो घातांक ९ चा विभाजक असणार: १, ३ किंवा ९. १ असेल तर प = ३. ३ असेल तर प ने ९९९ ला भाग जातो, म्हणजे ३७. ९ असेल तर फर्माच्या छोट्या प्रमेयामुळे (१० चा प − १ वा घात प ने भागला तर बाकी १ च) प − १ ला ९ ने भाग जातो, आणि प विषम असल्याने १८ ने.

३ बाद, कारण ३३३६६७ ची अंकबेरीज २८. राहिल्या १८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या (३७ त्यातच आली):

१९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७.

सतरा मुलांना एकेक भागाकार वाटून द्या. ताळा करायला काही बाक्या: १९ ला ८, ३७ ला १, १६३ ला ६, २७१ ला ६६, ५७७ ला १६१. ५२३ ला सांभाळा: ६३८ ने गुणलं तर ७ ने जास्त होतं, म्हणून भागाकार ६३७ आणि बाकी ५१६. शून्य कुठेच येत नाही.

ओम्_शून्य

क्रमांक ३ चं मी घेतो. अवयव हातात आले की बाकीचं त्यांतून आपोआप निघतं.

विभाजक: घातांकांत १ मिळवून गुणाकार, ५ × ३ × ३ = ४५. विषम आले, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे. १११११११११ ला जोडीदार नाही, बाकीच्यांच्या २२ जोड्या.

विभाजकांची बेरीज: १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. (३३३६६७ चा वर्ग १११३३३६६६८८९ येतो, फलकावर हा स्वतंत्र चौकटीत टाका, दिसतोच देखणा.) यातून संख्या स्वतः वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८. हे मूळ संख्येहून लहान, म्हणून परिपूर्ण (ही बेरीज संख्येइतकीच) नाही, विपुलही (बेरीज जास्त) नाही, न्यून (बेरीज कमी). एवढा गुणाकार न करताही हे दिसतं: बेरीज भागिले संख्या हे गुणोत्तर ३/२ × ३७/३६ × ३३३६६७/३३३६६६ च्या खालीच राहतं, म्हणजे सुमारे १.५४२. दोनला पोचणारच नाही. ३, ३७ आणि ३३३६६७ एवढ्याच मूळ संख्या असतील तर घात कितीही वाढवा, परिपूर्ण संख्या मिळणार नाही.

आयलरचं फाय (संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी मसावि १ असलेल्या संख्या किती): ८००७९८३९९१९९२०१६.

वेगवेगळ्या मूळ अवयवांचा गुणाकार: ३ × ३७ × ३३३६६७ = ३७०३७०३७.

स्मिथ संख्या: नाही. स्मिथमध्ये संख्येची अंकबेरीज आणि मूळ अवयवांची अंकबेरीज (जितक्या वेळा अवयव येतो तितक्या वेळा धरून) सारखी लागते, जसं २२ ला ४ आणि २ × ११ ला २ + १ + १ = ४. इथे संख्येची ८१, अवयवांची १२ + २० + ५६ = ८८. सातने हुकली.

पॉवरफुल आहे, कारण प्रत्येक मूळ अवयवाचा घात किमान दोन. पण स्वतःच वर्ग असल्याने अकिलीस संख्या (पॉवरफुल, पण कुठल्याच संख्येचा पूर्ण घात नसलेली) नाही.

त्रिकोणी (१ + २ + ३ + … अशा बेरजेतून मिळणारी) नाही. जी संख्या वर्गही असते आणि त्रिकोणीही, तिची वर्गमुळं ठरलेल्या क्रमाने येतात: १, ६, ३५, २०४, ११८९… (आधीच्याची सहा पट वजा त्याच्या आधीची). या क्रमात ४६६१११७९ नंतर थेट २७१६६९८६०. १११११११११ मधल्या मधे राहून गेली.

दोन शून्येतर वर्गांची बेरीज मात्र होणार नाही, कारण ३३३६६७ ला ४ ने भागून बाकी ३ येते.

शेषफळ

@ओम्_शून्य शेवटचं चुकलं. ४ ने भागून बाकी ३ देणाऱ्या मूळ संख्येचा घात विषम असेल तरच अडतं. इथे ३ चा घात ४ आणि ३३३६६७ चा २, दोन्ही सम. अडत नाही. ३७ ला ४ ने भागून बाकी १, आणि ३७^२ = १२^२ + ३५^२. आता ९ × ३३३६६७ = ३००३००३, त्याच्या वर्गाने दोन्ही बाजू गुणा:

३६०३६०३६^२ + १०५१०५१०५^२ = १११११११११^२

पायथागोरसचं त्रिकूट. कर्ण १११११११११ असलेला, बाजू पूर्णांकात असलेला काटकोन त्रिकोण हा एकच. फलकावर आकृती काढायचीच असेल तर हीच काढा.

ओम्_शून्य

मान्य, घाताकडे बघितलंच नाही. त्रिकूट भारी आहे.

देवळाली_कॅम्प

हर्षद आणि कापरेकर या दोन शब्दांत मुलांचा गोंधळ झालेला दिसतो, कारण दोन्हींमागे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) आहेत. देवळालीला शाळेत शिकवायचे.

हर्षद: अंकबेरजेने पूर्ण भाग जाणारी. अंकबेरीज ८१, भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तोही १२३४५६७९ चा वर्ग. होय, हर्षद.

कापरेकर संख्या वेगळी. तिचा वर्ग करून दोन तुकडे पाडले आणि बेरीज केली की तीच परत मिळते: ४५^२ = २०२५, २० + २५ = ४५. १७ अंकी संख्येसाठी उजवा तुकडा १७ अंकांचा धरायचा. तसं झालं तर संख्या × (संख्या − १) याला सतरा नवांनी भाग जायला हवा, म्हणजे निदान सतरा एकांनी, १११११११११११११११११ ने. पण १७ आणि ९ यांचा मसावि १, म्हणून सतरा एक आणि नऊ एक यांचाही मसावि १. आपल्या संख्येत सतरा एकांचा एकही अवयव नाही. मग सगळा भार (संख्या − १) वर येतो, आणि ती सतरा एकांच्या एका पटीपेक्षा मोठी, दोन पटींपेक्षा लहान. भाग जाणं शक्यच नाही. कापरेकर संख्या नाही.

तरी कापरेकरांचं नाव फलकावर येऊ द्या, कारण नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग त्यांनी डेम्लो संख्यांत घेतले. नाव जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डेम्लो स्टेशनवरून पडलं; ते आताचं डोंबिवली. म्हणजे योग्य शब्द ‘डेम्लो’ आणि ‘हर्षद’, ‘कापरेकर संख्या’ नव्हे.

पाढेवाली_महाल

क्रमांक ४, वाचन. अंक १७, म्हणजे आपल्या जुन्या ‘एकं, दहं, शतं’च्या यादीतलं सतरावं स्थान ‘मध्य’ (१०^१६). अठरावं परार्ध, त्याच्या एकच पायरी अलीकडे. प्रत्येक अंकाला एक नाव येतं: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ दशकोटी, ८ कोटी, ७ दशलक्ष, ६ लक्ष, ५ दशसहस्र, ४ सहस्र, ३ शतं, २ दहं, १ एकं. भास्कराचार्यांच्या लीलावतीतही अठरा स्थानं परार्धापर्यंत याच क्रमाने आहेत, फक्त काही नावं निराळी: दशसहस्राला अयुत, दशलक्षाला प्रयुत, दशकोटीला अर्बुद.

रोजच्या भाषेत: १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. ‘कोटी’ दोनदा येतं, तिथे वाचणारा अडखळतो; मधे ठळक विराम द्या. स्वल्पविराम असे: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. मोठ्या अक्षरात मात्र संख्या स्वल्पविरामाशिवायच छापा, नाहीतर उलटसुलट सारखी असल्याचं सौंदर्यच दिसत नाही.

फ्लेक्सवाल्याला फाइल देताना संख्या एक्सेलमधून उचलू नका. साध्या मजकुरात टाइप करा, आणि प्रूफवर अंक मोजा: १७, मधला नववा अंक ९.

संत्रानगरी_गणित (नागपूर)

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका, मुलं नक्की विचारतील: दहा एकांचा वर्ग केला तर हा डोंगर पुढे का चढत नाही?

मसावि_लसावि

उभा गुणाकार मांडा. नऊ एकांपर्यंत प्रत्येक स्तंभाची बेरीज ९ किंवा कमी, हातचा कुठेच नाही. दहा एकांना मधल्या स्तंभाची बेरीज १० होते: ० लिहा, हातचा १. डावीकडच्या ९ चे १० झाले: पुन्हा ०, हातचा १. त्याच्या डावीकडच्या ८ चे ९. म्हणून १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून वाचताना ८ गायब, ७ नंतर थेट ९. १ भागिले ८१ केलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… येतं, तिथेही ८ याच हातच्याने गिळला आहे. दोन्ही गणितं फळ्यावर शेजारी शेजारी मांडा आणि ८ कुठे गेला ते मुलांनाच शोधायला लावा.